ट्यूब आणून लावली, म्हणजे उपचार झाला का?

आजचा विषय वाचून काही घरांत पेपरचे हे पान दुमडून ठेवले जाईल, याची मला कल्पना आहे. तरीही लिहिणे भाग आहे. योनिमार्गाला होणारा बुरशीचा संसर्ग हा स्त्रियांचा अगदी नेहमीचा आजार आहे. दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघींना तो आयुष्यात एकदा तरी होतो. त्यावर चांगली, स्वस्त आणि बहुतेकींना मानवणारी औषधे मिळतात. असे असूनही माझ्याकडे येणारी स्त्री अनेकदा वर्षभर त्रास अंगावर काढून आलेली असते आणि तिच्या पिशवीत अर्धवट वापरलेल्या तीन-चार ट्यूब असतात. औषध आहे, ते वापरलेही आहे, मग आजार का जात नाही? माझ्या मते याचे कारण एकच. आपल्याकडे औषध आधी येते आणि तपासणी नंतर होते, किंवा होतच नाही. ही वहिवाट बदलली पाहिजे.

हे कसे घडते ते पाहा. बाईला खाज सुटते, आग होते, अंगावरून पांढरे जाते. ती पहिले आठ-पंधरा दिवस कोणालाच सांगत नाही. मग जावेला किंवा बहिणीला सांगते. ती आपल्याला लागू पडलेल्या ट्यूबचे नाव सांगते. नवरा मेडिकलमध्ये जातो, गिऱ्हाइकांची गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहतो आणि हलक्या आवाजात “मिसेसला जरा खाजेचा त्रास आहे,” एवढेच म्हणतो. कुठे खाज, किती दिवस, ती गरोदर आहे का, साखरेचा आजार आहे का, हे दुकानदार विचारत नाही आणि नवराही सांगत नाही. एक ट्यूब किंवा गोळ्यांचे एक पाकीट कागदात गुंडाळून घरी येते. या सगळ्या व्यवहारात चार माणसे आली, पण आजार एकानेही पाहिला नाही.

“अंगावरून पांढरे जाते” हे तक्रारीचे नाव आहे, आजाराचे नाही, ही पहिली गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. पोटात दुखते म्हटल्यावर ते अपचन असेल, मूतखडा असेल किंवा अपेंडिक्स असेल, हे आपल्याला पटते. पांढरे जाण्याचेही तसेच आहे.

यातला काही स्राव तर पूर्णपणे नैसर्गिक असतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पातळ, तार सुटणारा स्राव येतो. पाळीच्या आधी आणि गरोदरपणात तो वाढतो. त्याला घाण वास नसतो, खाज नसते, आग नसते. त्याला कोणतेही औषध लागत नाही. पांढरे गेल्याने हाडे झिजतात, अंगातली शक्ती निघून जाते, हा आपल्याकडचा जुना समज आहे आणि तो खरा नाही. अशक्तपणा वाटत असेल तर रक्तातले हिमोग्लोबिन तपासावे. आपल्याकडे बहुतेक वेळा दोष तिथे सापडतो.

बुरशीच्या संसर्गात मुख्य लक्षण असते ते खाजेचे. योनीच्या तोंडाशी लाली आणि सूज येते, लघवी करताना तिथली कातडी चुरचुरते, संबंधाच्या वेळी दुखते. स्राव असला तर तो दाट, पांढरा, नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा असतो आणि त्याला विशेष वास नसतो. या बुरशीचे नाव कँडिडा. ती कुठून तरी बाहेरून येते असे नाही. शंभरातल्या दहा-वीस स्त्रियांच्या योनिमार्गात ती एरवीही असते आणि काही त्रास देत नाही. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू आम्ल तयार करून इतर जंतूंवर वचक ठेवतात. अँटिबायोटिक्समुळे ते मेले, रक्तातली साखर वाढली, गरोदरपण आले किंवा शरीराची प्रतिकारशक्ती कमी झाली, की बुरशीला वाढायला वाव मिळतो.

दुसरा प्रकार जिवाणूंच्या बिघडलेल्या समतोलाचा. यात स्राव पातळ, करडट असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. खाज थोडी किंवा नसतेच. तिसरा ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीचा. यात स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ असतो आणि तो लैंगिक संबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. याशिवाय गर्भाशयाच्या तोंडाला झालेला संसर्ग, तिथली जखम आणि क्वचित कर्करोग, यांतही अंगावरून जाते. पुस्तकात ही लक्षणे अशी वेगवेगळी लिहिलेली असली, तरी प्रत्यक्षात ती एकमेकांत मिसळतात आणि दोन आजार एकत्रही असतात. नुसत्या वर्णनावरून डॉक्टरही फसतो, तिथे दुकानदार काय करणार?

आता बुरशीचे औषध नेमके काय करते ते समजून घेऊ. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल ही सगळी एकाच कुळातली औषधे आहेत. बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. तो तयार होणे ही औषधे बंद पाडतात. आवरण कमकुवत झाले की बुरशीची वाढ थांबते. माणसाच्या पेशीत अर्गोस्टेरॉल नसते, म्हणून ही औषधे आपल्याला फारशी बाधत नाहीत. पण जिवाणूंच्या आवरणातही हा पदार्थ नसतो. त्यामुळे मासळीसारख्या वासाच्या आजारावर बुरशीची ट्यूब महिनाभर लावली तरी काही होणार नाही. उलट, आजार बुरशीचा असताना कोणी अँटिबायोटिक दिले, तर उपयोगी जिवाणू मरून बुरशी आणखी फोफावते. चुकीचे औषध नुसते वाया जात नाही, ते कधी कधी आजार वाढवते, असे मी म्हणते ते याचसाठी.

या कुळाच्याही आधी बुरशीवर चालणारे एक सुरक्षित औषध निघाले होते, त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन स्त्री शास्त्रज्ञ काम करीत होत्या. त्यांनी व्हर्जिनियातील एका ओळखीच्या शेतातल्या मातीतून मिळालेल्या जंतूपासून हे औषध वेगळे केले आणि १९५० साली ते जाहीर केले. राज्याच्या नावावरून त्याला निस्टॅटिन म्हणतात. त्यातून मिळालेले १ कोटी ३० लाख डॉलर त्यांनी विज्ञानाच्या संशोधनासाठी देऊन टाकले. पुढे क्लोट्रिमॅझोल आले आणि १९९० च्या सुमारास एका गोळीत काम करणारे फ्लुकोनॅझोल आले. शास्त्राने आपले काम केले आहे. राहिले आहे ते आपले.

स्वतःच्या मनाने औषध घेतल्यावर काय होते, याचा हिशेब अमेरिकेत झालेला आहे. तिथे १९९० नंतर बुरशीची योनिमार्गातील औषधे चिठ्ठीशिवाय मिळू लागली. आपल्याला बुरशीचाच त्रास आहे असे समजून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी करून त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. नुसता बुरशीचा संसर्ग निघाला तो सुमारे ३४ टक्के स्त्रियांत, म्हणजे तिघींत एकीला. काहींना जिवाणूंचा त्रास होता, काहींना दोन आजार एकत्र होते आणि साधारण सातांत एकीला कोणताच संसर्ग नव्हता. या शिकलेल्या, पाकिटावरची माहिती वाचू शकणाऱ्या स्त्रिया होत्या. आपल्याकडे तर पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत असतो आणि औषध आणणारा दुसराच असतो.

आपल्या महाराष्ट्रातली आकडेवारी तर याहून जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. त्याआधी कधी काळी स्त्रीरोगाची तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्के स्त्रियांची. तेव्हापासून रस्ते झाले, दवाखाने झाले, गावोगाव औषधांची दुकाने झाली. पण आजही माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी “टेबलावर झोपा, तपासायचे आहे,” म्हटले की ती “नुसते औषध लिहून द्या ना मॅडम,” असेच म्हणते. औषध तिच्या गावापर्यंत पोहोचले, तपासणी मात्र पोहोचली नाही.

दुकानातून येणाऱ्या दोन वस्तूंबद्दल मला विशेष तक्रार आहे. पहिली म्हणजे बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र केलेले मलम. गजकर्णासाठी घरात आणलेली ही ट्यूब बायका नाजूक जागी लावतात. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून औषध गुणकारी वाटते. पण आत बुरशी वाढतच राहते, कातडी पातळ होते आणि ट्यूब थांबवली की दुप्पट खाज सुटते. मग पुन्हा तीच ट्यूब येते. केंद्र सरकारने २०१८ साली स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, पण नियम कागदावर आहे आणि ट्यूब घरात आहे. दुसरी वस्तू म्हणजे तीन औषधे एकत्र बांधलेले पाकीट. “यातले काहीतरी लागू पडेल,” या हिशेबाने ते दिले जाते. सरकारी कार्यक्रमातही लक्षणांवरून औषधांचे पाकीट देण्याची पद्धत आहे, परंतु तिथे आधी विचारपूस आणि तपासणी करण्याचा दंडक आहे. नुसते पाकीट उचलून दुकानात आणले आणि तपासणी वगळली, तर ती पद्धत राहत नाही.

मग योग्य उपचार कसा असतो? तपासणीला पाच-दहा मिनिटे पुरतात. डॉक्टर आतली जागा पाहतात, स्रावाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, शक्य असेल तिथे आम्लता मोजणारी कागदी पट्टी लावतात. बुरशी नक्की झाली, की साध्या आजारात दोनच मार्ग असतात. एक, क्लोट्रिमॅझोलसारखी गोळी किंवा क्रीम रात्री झोपताना योनिमार्गात ठेवणे. मात्रेनुसार ते एका रात्रीपुरते असते किंवा सहा-सात रात्रींचे. दुसरा मार्ग, फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने घेणे. दोन्हींचा गुण साधारण सारखाच असतो आणि औषध पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० ते ९० टक्के स्त्रिया बऱ्या होतात.

इथे “पूर्ण करणाऱ्या” हा शब्द महत्त्वाचा आहे. खाज दोन-तीन दिवसांत कमी होते आणि बहुतेक जणी तिथेच थांबतात. उरलेल्या गोळ्या कपाटात जातात आणि पुढच्या वेळी, किंवा नणंदेला, उपयोगी पडतात. असे करू नये. आत ठेवायची गोळी हात स्वच्छ धुऊन, उताणे झोपून, जमेल तितकी आत सरकवावी. ती तोंडाने घ्यायची नाही, हे मी प्रत्येकीला सांगते. पाळी तोंडावर आली असेल तर औषध कधी सुरू करायचे ते विचारून घ्यावे. तोंडाने घेतलेल्या गोळीचा परिणाम शरीरात काही दिवस टिकतो. दुसऱ्याच दिवशी आराम पडला नाही म्हणून मनाने दुसरी गोळी घेऊ नये. यातील काही क्रीममध्ये तेलकट पदार्थ असतात, त्यांनी निरोधचे रबर कमजोर होते, तेही ध्यानात असावे.

काही जणींच्या बाबतीत तपासणीवाचून औषध घेणे धोक्याचेच आहे. गरोदर स्त्रीने फ्लुकोनॅझोलची गोळी आपल्या मनाने कधीही घेऊ नये. गर्भपाताचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१६ साली दिला होता. गरोदरपणात आत ठेवण्याचे औषध सात रात्री दिले जाते आणि ते पुरते. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील, तर फ्लुकोनॅझोलमुळे त्यांचा परिणाम वाढतो. रक्तस्राव होऊ शकतो किंवा साखर एकदम उतरू शकते. दुकानात उभा असलेला नवरा हे सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही.

मधुमेहाचा मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. चाळिशीच्या आसपासच्या स्त्रीला वारंवार बुरशीचा त्रास होत असेल, तर ती मधुमेहाची पहिली खूण असू शकते. मी अशा प्रत्येकीची रक्तातील साखर तपासून घेते, आणि बाई खाजेसाठी आली व मधुमेह सापडला, असे एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे. ट्यूबवर ट्यूब आणत राहिली असती, तर तो आणखी काही वर्षे लपून राहिला असता. शिवाय लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या २०२० नंतर आपल्याकडे स्वस्त झाल्या आणि पुष्कळ रुग्णांना दिल्या जातात. त्या चांगल्या आहेत, पण त्यांनी बुरशीचा त्रास वाढू शकतो. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता, ज्यांनी लिहून दिल्या त्यांना हा त्रास न लाजता सांगावा.

वर्षातून तीन किंवा अधिक वेळा बुरशी झाली, तर तो साधा आजार राहत नाही. त्यावर आधी जास्त दिवसांचे औषध आणि नंतर सहा महिने आठवड्याला एक गोळी, असा उपचार असतो. कधी बुरशीची जातच वेगळी असते आणि नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. त्यासाठी स्राव प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. अशा काही रुग्णांना डॉक्टर बोरिक अॅसिडच्या कॅप्सूल आत ठेवायला देतात. हे ऐकून कोणी कॅरमच्या पटावरची पावडर वापरू नये. ती पोटात गेली तर विष आहे आणि घरात लहान मुले असतात. दही, लसूण, तुरटीचे पाणी, जंतुनाशक द्रव यांचाही आत वापर करू नये. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. अंतर्वस्त्रे सुती असावीत आणि ती साडीच्या घडीखाली लपवून न वाळवता उन्हात वाळवावीत.

नवऱ्यांसाठी दोन शब्द. बुरशीचा संसर्ग हा बाहेरख्यालीपणाचा पुरावा नाही. लग्न न झालेल्या मुलीलाही तो होतो. या आजारात नवऱ्याला सहसा औषध लागत नाही. त्याला खाज किंवा लाली असेल तर मात्र त्यानेही तपासून घ्यावे. बायकोवर संशय घेणारे आणि त्या धाकाने आजार लपवणाऱ्या बायका, दोन्ही मी पाहिल्या आहेत. नवऱ्याने मेडिकलमध्ये जाण्याऐवजी बायकोबरोबर दवाखान्यात यावे, एवढीच माझी विनंती आहे.

“हे सगळे बोलायला ठीक आहे,” असे काही वाचक म्हणतील. एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते, तालुक्याला बाई डॉक्टर नसते. ही अडचण खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. म्हणून मी सरसकट बंदी सांगत नाही. जिची एकदा तपासणी होऊन बुरशीचे निदान झाले आहे, जी गरोदर नाही, जिला मधुमेह नाही आणि जिला पुन्हा तंतोतंत तीच लक्षणे दिसत आहेत, तिने आधी लागू पडलेले आत ठेवण्याचे औषध एकदा पूर्ण घेतले तर माझी हरकत नाही. पण त्याने बरे वाटले नाही, किंवा दोन महिन्यांच्या आत त्रास परत आला, तर तपासणी झालीच पाहिजे. आणि पहिली वेळ असेल, तर तपासणीला पर्याय नाही.

ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. गावातल्या आशाताईंना विचारले तर बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते कळते. पुरुष डॉक्टर असले, तर परिचारिकेला किंवा आपल्या नात्यातल्या बाईला खोलीत थांबवण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे. माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे, की रुग्ण लाजते म्हणून तपासणी टाळून चिठ्ठी लिहिणे ही तिच्यावर दया नव्हे. आणि औषध दुकानदारांनी निदान एवढे तरी विचारावे: बाई गरोदर आहे का, आणि तिला कोणी तपासले आहे का?

खाजेबरोबर ताप किंवा ओटीपोटात दुखणे असेल, स्रावात रक्त असेल, घाण वास येत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागले असेल, तर एक दिवसही थांबू नये. ही बुरशीची लक्षणे नव्हेत. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीने दवाखान्यात गेल्यावर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही त्याच फेरीत करून घ्यावी. घरात आज अर्धवट वापरलेली ट्यूब असेल, तर ती फेकू नका. तपासणीला जाताना बरोबर न्या. आतापर्यंत काय लावले, हे डॉक्टरांना त्यावरून कळेल.